कापडातली माया

“ताई, यात सोडायला मायाच नाही. कुठून मोठा करून देऊ?”

आमच्या कोपऱ्यावर एका जिन्याखाली अल्टरचं काम करणारे मास्तर बसतात. लेकीचा कुर्ता घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. सेलमध्ये ३९९ रुपयांना घेतलेला, जेमतेम चार-पाच धुण्यांचा. छातीत ओढत होता. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच मिळाला असता तर आणखी दोन वर्षं सहज निघाली असती. मास्तरांनी कुर्ता उलटा केला, बगलेखालची शिवण दोन बोटांत धरून उलगडून दाखवली. आत ओव्हरलॉकच्या, म्हणजे कड उसवू नये म्हणून कारखान्यात मशीनने गुंफलेल्या, दोऱ्यांची जाळी आणि तिच्या पोटात पाव इंच कापड, तेही कडेला विरलेलं. “हे उसवलं तर सगळंच हातात येईल,” म्हणाले, आणि घडी घालून परत दिला.

ज्यांच्या घरी मशीन नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. कपडा शिवताना टिपेच्या पलीकडे, आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. खांद्याला थोडी, दोन्ही बाजूंना जास्त, खालच्या दुमडीत भरपूर. माणूस सुटतं, वाळतं, पोरं वाढतात, बायका बाळंत होतात. अंग बदललं तर कपड्यालाही बदलता यावं म्हणून केलेली ही तरतूद. हा शब्द मी लहानपणी दिवसातून दहा वेळा ऐकला होता. त्या जिन्याखाली तो जवळपास वीस वर्षांनी कानावर पडला आणि परतीच्या रस्त्यात मला काही सुचेना.

माझं लहानपण इचलकरंजीतलं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग आणला, आणि मी जन्मले तोवर गाव नखशिखान्त मागांचं झालं होतं. आमच्या गल्लीत दोन्ही अंगांना माग. दिवसरात्र खडखडाट. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही, आणि वीज गेली की आम्हाला जाग यायची. वडील एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यात, दिवाणजी होते. सूत, बीम, कांडी, पीक हे शब्द घरात मीठ-मिरचीसारखे. एकेक कामगार चार-चार माग सांभाळायचा, बारा-बारा तासांची पाळी, आणि मजुरी मोजली जायची ती विणल्या गेलेल्या मीटरवर, पिकाच्या हिशेबाने. पीक म्हणजे आडवा धागा. एका इंचात किती आडवे धागे बसले, त्यावर माणसाची भाकरी. शेजारच्या मामी घरी कांड्या भरायच्या, म्हणजे मागासाठी कांडीवर सूत गुंडाळायच्या. त्यांच्या केसांत कायम कापसाची तूस असायची, आणि ती त्यांनी कधी झटकलेली मला आठवत नाही. झटकून संपणारी नव्हतीच ती.

आई शिवायची. बाहेरची पोलकी, परकर, शाळेचे गणवेश, आणि घरातलं सगळंच. तिचं पायमशीन हप्त्यावर घेतलेलं होतं. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी तिने मशीनला हळदकुंकू वाहिलं, हे ती पुढे कित्येकदा सांगायची. दिवाळीच्या आधी वडील कुठून तरी डॅमेजचा तागा आणायचे, म्हणजे विणताना कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग पडलेला. आई तो जमिनीवर अंथरायची, गुडघ्यांवर बसायची आणि बराच वेळ नुसती बघत राहायची. डाग कुठे जाईल, दोष कुठल्या चुणीत लपेल, थोरलीचा फ्रॉक कापून उरलेल्यात धाकट्याचा सदरा बसेल का. याला बेतणं म्हणतात. मग कात्री एकदा चालायला लागली की थांबायची नाही. आजी दारातून सांगायची, “वाढत्या अंगाची पोर आहे ग, माया जरा जास्त ठेव.” फ्रॉकच्या घेराला आई आतून चार बोटांची दुमड ठेवायची. दर वर्षी एक दुमड सुटायची आणि फ्रॉकवर एक गडद पट्टा उमटायचा. त्या पट्ट्यांवरून आमची वयं मोजता आली असती.

लग्न होऊन मी पुण्याला आले आणि हळूहळू हे सगळं मागे पडलं. नोकरी, मूल, घर. शिंप्याकडे चार खेपा घालण्यापेक्षा तयार कपडा घेणं सोपं, आणि पुढे तर तो दारात येऊ लागला. सुरुवातीला सणाला, मग पगाराला, मग मन उदास झालं म्हणून. २०१६ साली आई गेली. भावाने मशीन मला दिलं. मी ते बैठकीत ठेवलं, वर क्रोशाचा रुमाल टाकला, फुलदाणी ठेवली. येणारे-जाणारे म्हणायचे, किती सुंदर दिसतं. सहा वर्षं मी त्याला तेलाचा थेंब दिला नाही.

त्या कुर्त्यानंतर मी कपाट उघडून बसले. बत्तीस कुर्ते निघाले. बत्तीस! त्यातल्या एकाही कुर्त्यात मास्तरांना सोडता येईल इतकी माया नव्हती. माझ्या आईच्या सबंध आयुष्यात तिच्या पेटीत एका वेळी बत्तीस लुगडी-साड्या कधीही नव्हत्या. मला शरम वाटली, आणि ती शरम योग्य होती असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी फुलदाणी उचलली.

मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांनी वादी नवी घातली, बॉबिन केस बदलली, सुईखाली कापड दाबून धरणारा गंजलेला दाब साफ केला. तरीही चार वर्षांच्या मुलीसारखी मी त्याच्यापुढे बसले होते. आईचं बघून सगळं येतं असं वाटायचं. हाताला काहीच येत नव्हतं. पाय उलटा पडायचा, चाक मागे फिरायचं, दोरा तुटायचा. शेवटी गल्लीतल्या शिवणक्लासला नाव घातलं. तिथल्या बाईंनी पहिले आठ दिवस दोराच दिला नाही. वहीच्या रेघी कागदावर बिनदोऱ्याची सुई चालवायची, रेघेवरून भोकं सरळ पडली पाहिजेत. मग वळणं, मग चौकोन. मग वर्तमानपत्राचं पेपर कटिंग. मग झबलं, टोपडं, कुंची, सहा कळ्यांचा परकर, आणि त्यानंतर कुठे आपल्या अंगावरचं काही. पन्नाशीला आलेली मी आणि माझ्या शेजारी बारावी झालेल्या मुली, घरी बसून चार पैसे मिळावेत म्हणून शिकणाऱ्या. त्यांचे हात माझ्याहून कितीतरी चपळ होते. बगलेपाशी टीप कशी वळवायची हे मला त्यांतल्याच एकीने माझा हात धरून शिकवलं.

पहिला कुर्ता मी साध्या फिक्या पिवळ्या पॉपलिनचा शिवला. कापड रात्रभर भिजवून आटवून घेतलं, ओलसर असतानाच इस्त्री केली, उभा धागा धरून दुहेरी घडी घातली. छाती ३८. तिचा चौथा भाग साडेनऊ, त्यात दीड इंच सैलपणा, एक इंच माया. मुंढा, म्हणजे बाही बसते ती गोलाई, साडेआठ. खडूने आखताना हात थरथरत होता, कारण इथून पुढे कात्री, आणि कात्रीने कापलेलं परत जोडता येत नाही. कापताना मी श्वास धरून होते. खांदे जुळले, बाजू जुळल्या, गळ्याला उरेब पट्टी लावली. उरेब म्हणजे कापड तिरपं कापून काढलेली पट्टी. तीच गोलाईवर वळते, सरळ धाग्याची पट्टी गळ्याला कधी बसत नाही, तिला चुण्या पडतात. हे कळलं तेव्हा मला मोठा आनंद झाला होता. तेच कापड, तोच विणलेला ताणाबाणा, पण पंचेचाळीस अंशांत धरलं की त्याला लवचीकपणा येतो.

बाह्या लावायला घेतल्या आणि लक्षात आलं की दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या गेल्यात. बाहीचा माथा पुढून जास्त खोलगट असतो, मागून कमी. घडी उलगडून एकेक बाही कापताना मी दुसरी उलटी धरायला विसरले होते. पॉपलिन संपलेलं. त्या रात्री मी रडले. कापडाचं दुःख नव्हतं. आईने माझ्या डोळ्यांसमोर शेकडो बाह्या बसवल्या होत्या आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, हे कसं करतेस म्हणून.

दुकानात तो रंग पुन्हा मिळाला नाही. डावी बाही मी आईच्या एका विटलेल्या साडीच्या पदराची लावली. कुर्ता अजून आहे.

एकूण अकरा तास लागले. आता सराव झालाय, तरी गळा-पट्टी-खिसा धरून सहा-सात तास लागतातच. आणि इथेच माझी नजर बदलली. दुकानातला ३९९ चा कुर्ता हातात घेतला की माझी बोटं आपोआप शिवणी मोजतात. दोन खांदे, दोन बाजू, दोन मुंढे, दोन बाह्यांच्या कडा, गळा, पट्टी, दोन्ही चिरा, घेर, काज, बटणं. यंत्रं कितीही वेगवान असली तरी कापड सुईखाली सरकवणारा हात माणसाचाच असतो. कपडा पुरता यंत्राने शिवून बाहेर पडतो असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं. कापड मऊ असतं, निसटतं, वळतं. त्याला धरायला बोटं लागतात. कारखान्यात फक्त ती बोटं वाटून दिलेली असतात. एकजण दिवसभर कॉलर लावणार, एकजण दिवसभर डावी बाही, आणि तासाला किती नग याचा आकडा समोर लावलेला. मग ३९९ रुपयांत कापूस पिकवणारा, सूत काढणारा, विणणारा, रंगवणारा, शिवणारा, पोचवणारा आणि विकणारा या सगळ्यांचं भागलं कसं, हा हिशेब मी मांडायला गेले की तो एकाच ठिकाणी येऊन अडतो. यातल्या कुणाला तरी कमी मिळालेलं आहे.

२४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ सावार इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आत कपड्यांचे पाच कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. वर शिवणाऱ्यांना मात्र सकाळी कामावर बोलावलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात सगळं खाली आलं. ११३४ माणसं मेली, त्यातल्या बहुतेक बायका, तरुण मुली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या नावांची लेबलं सापडली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळले होते आणि पान उलटलं होतं. मशीनवर बसायला लागल्यावर ती मी पुन्हा शोधून वाचली. या वेळी त्या मुलींच्या हातात काय असेल ते मला दिसत होतं. बॉबिन संपत आलेली असेल. दाब अर्धा उचललेला असेल.

आता एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, कारण यावरून माझे दोन-तीन जणींशी वाद झालेत. स्वस्त कपडे वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला गेल्या दिवाळीत पहिल्यांदा दुकानातला, घडीचा, पिशवीतला नवा फ्रॉक मिळाला. त्याआधी तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींचे उतरवलेले कपडे घातले. तो अडीचशे रुपयांचा फ्रॉक घालून ती दाखवायला आली तेव्हाचा तिचा चेहरा मी बघितलाय. त्या फ्रॉकबद्दल बोलण्याचा मला काडीचा अधिकार नाही. या धंद्याची चाकं तिच्या एका फ्रॉकवर फिरत नाहीत, माझ्या बत्तीस कुर्त्यांवर फिरतात. ज्यांच्या कपाटाचं दार लागत नाही आणि तरी सेल लागला की ज्यांची बोटं शिवशिवतात, प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

आणि घरी शिवणं स्वस्त पडतं, हाही समज खरा नाही. चांगलं सुती कापड अडीच मीटर घेतलं की पाचशेच्या आसपास जातात, वर दोरा, बटणं, अस्तर. शिवाय सहा तास. ते सहा तास माझ्याकडे आहेत, कारण मुलगी मोठी झाली आणि माझी नोकरी दहा ते पाच आहे. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या बाईला “घरी शिव ना” म्हणणं क्रूरपणाचं आहे.

मग मिळवलं काय? मला आकडा मिळाला. वर्षाला मी चार-पाच कपडे शिवू शकते. हात पुरेल तेवढेच. मागची तीन वर्षं मी तेवढ्यावर राहिले आणि काही कमी पडलं नाही.

बोहारीण आता महिन्या-दोन महिन्यांनी येते. आमच्या लहानपणी ती आली की बायकांचा घोळका जमायचा; एका साडीवर पातेलं की नुसता डबा, यावर अर्धा-अर्धा तास घासाघीस. परवा मी कपाटातला ढीग तिच्यापुढे टाकला. तिने एकेक कपडा हातात घेतला, ताणला, उजेडात धरला. जीन्स ठेवल्या, दोन साड्या ठेवल्या, पायजमे ठेवले. टी-शर्ट आणि लेगिंग सगळे माझ्याकडे परत सरकवले. “हे नाय चालत ताई. एक धुतलं की पोतेरं.” जुन्या कपड्यांवर जिचं पोट चालतं ती बाईसुद्धा जे घ्यायला तयार नाही, ते आपण विकत घेतलेलं असतं. त्या ढिगातला बराचसा माल पॉलिएस्टरचा. जगात आज जेवढा धागा निघतो त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिएस्टरच आहे, खनिज तेलातून आलेला. त्याची गोधडी होत नाही, लादी पुसायलाही तो उपयोगाचा नाही, पाणी शोषत नाही. पानिपतला जगभरचे उतरवलेले कपडे येतात, रंगारंगांप्रमाणे वेगळे केले जातात, फाडून पुन्हा त्यांचा धागा आणि घोंगड्या होतात. तिथेही लोकरीला जो भाव तो या मिश्र चिंध्यांना नाही. घानाची राजधानी आक्रा इथे कांतामांतो नावाचा प्रचंड बाजार अशा जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांवर चालतो, आणि न विकलं गेलेलं समुद्रकाठी जाऊन पडतं. चिलीतल्या आताकामाच्या वाळवंटात कपड्यांचे डोंगर उभे राहिलेत. वाळवंटात पाऊस नाही, कुजायचं तरी कसं.

आमच्या बायकांनी कापडाचा शेवट इतक्या लवकर कधी होऊ दिला नव्हता. लुगडं मधे विरायचं, कारण बसण्या-उठण्याचा ताण तिथे. मग विरलेला भाग काढून दोन टोकं जोडून मधे शिवण घालायची, तो दांड. दांडाचं लुगडं नेसण्यात कमीपणा होता, हे खरं, पण ते आणखी वर्ष-दोन वर्षं चालायचं. ते फाटलं की धडक्या भागाची पोरींची परकर-पोलकी, मऊ झालेल्याची बाळाची दुपटी आणि लंगोट. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावायचं नाही, आजीचं जुनं लुगडंच लावायचं, कारण शेकडो धुण्यांनी ते जेवढं मऊ झालेलं असतं तेवढं कोणतंच दुकान देऊ शकत नाही. उरलेलं गोधडीत. एकाखाली एक थर आणि त्यावर बारीक धावदोरा, कडेकडेने आत येत मध्यापर्यंत. आणि जुन्या पैरणी, बंड्या ज्या तऱ्हेने कापल्या जायच्या ते मी क्लासच्या बाईंकडून शिकले तेव्हा थक्क झाले. सगळे तुकडे सरळ, चौकोनी किंवा तिरपे दुभागलेले. बगलेत एक छोटा चौकोन बसवायचा, चौबगला. त्याने हात वर करायला मोकळीक मिळते आणि मुंढ्याची गोलाई कापावीच लागत नाही. बाजूला कळ्या. कापडाची चिंधीसुद्धा खाली पडत नाही. धोतर-साडीला तर कात्रीच नको. आज कारखान्यात कपडे कापताना साधारण पंधरा टक्के कापड कचऱ्यात जातं, असा अंदाज वाचला होता. मी घरी मुंढा कापते तेव्हा पडणारा चंद्रकोरीसारखा तुकडा आता टाकत नाही. त्यांची एक पिशवी साठली आहे, तिच्यातून एक गोधडी होईल.

गांधीजींची एक गोष्ट मला या मशीनवर बसल्यावर फार जवळची वाटते. १९२४ साली त्यांना विचारलं गेलं होतं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का? त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद सांगितला. आजवर शोधल्या गेलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ती एक, असं ते म्हणाले, आणि त्यामागे प्रेम आहे: बायकोला हाताने टाके घालत बसलेलं पाहून तिचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ते केलं. सिंगरचं पेटंट १८५१ चं. तो पक्का व्यापारी होता, आणि त्याच्या कंपनीनेच पुढे हप्त्यावर मशीन विकण्याची पद्धत रुळवली, तेव्हा ती प्रेमाची कथा इतिहासाच्या कसोटीवर उतरायची नाही. मला ती तरीही आवडते. गांधीजींची कसोटी साधी होती, यंत्र माणसाचे कष्ट वाचवतं की माणसालाच खातं? तेच शिवणयंत्र आमच्या घरात आईला स्वतःच्या पायावर उभं करतं, आणि तेच राणा प्लाझात रांगेने मांडलेलं असतं. फरक सुईत नाही. पाय कुणाच्या हुकमाने हलतो, त्यात आहे.

शिवायला लागल्यावर मी निर्दोष झाले, असंही मला वाटत नाही. कापड मी विणत नाही. ते येतं इचलकरंजी, भिवंडी, मालेगावसारख्या ठिकाणांहून, आणि तिथली मजुरी अजूनही मीटरवरच आहे. रंगवताना, धुताना जे पाणी वापरलं जातं ते कुठे जातं, हे पंचगंगेच्या काठच्या माणसाला सांगावं लागत नाही; आमच्या नदीचं पाणी आम्ही लहान असताना उन्हाळ्यात फेसाळलेलं आणि काळपट बघितलं आहे. विदर्भात कापूस पिकवणाऱ्यांची अवस्था काय आहे, हे सगळा महाराष्ट्र जाणतो. माझी सुई या सगळ्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. एवढंच झालं की कापड घेताना मी आता विचारते. माग कुठला, सूत किती नंबरचं, रंग पक्का का. दुकानदार आधी वैतागायचे. आता त्यांतले एकजण ताग्याची कडा स्वतःच उलटून दाखवतात.

आणि हावही सुटत नाही लवकर. पहिल्या वर्षी मी कपडे घ्यायचं थांबवलं आणि कापडं जमवायला लागले. खण, इरकल, हातमागाचं, छापाचं. कपाटात कुर्त्यांच्या जागी तागे. सेलमध्ये बटण दाबणारा हात तोच होता. हे लक्षात यायला आठ महिने गेले. आता नियम आहे: एक शिवून झाल्याशिवाय दुसरं कापड घरात आणायचं नाही. ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांनाही मी तोच न्याय लावलाय. आपल्याकडे हळदीकुंकवाला, बारशाला, सत्यनारायणाला जी ब्लाउजपिसं एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, जी कुणीही शिवणार नाही हे देणारीलाही ठाऊक असतं, त्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. ओटीत खण घालायचा तो त्या बाईने चोळी शिवून अंगावर घालावा म्हणून. मी आता ओटीत देते ते सुती, एक मीटर, नीट आटवलेलं. दोन मैत्रिणींनी त्याचं खरोखर शिवून घातलं. तो हळदीकुंकवाचा दिवस मला फार मोठा वाटला.

गेल्या महिन्यात लेकीने माझ्या पेटीतून एक निळा पंजाबी ड्रेस बाहेर काढला. १९९७ साली मी नोकरीला लागले तेव्हा आईने शिवून दिलेला, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांचा. डांबरगोळ्यांचा वास, घडीच्या रेघांवर रंग उडालेला. तिला तो हवा होता. घालून बघितला तर खांदे बरोबर बसले, छातीत मात्र अडला, तिच्या त्या कुर्त्यासारखाच.

मी तो उलटा केला. आईने दोन्ही बाजूंना ओळीने तीन टिपा घातल्या होत्या, एकीपासून दुसरी अर्ध्या-अर्ध्या इंचावर, आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा बोटभर माया, कडेला हाताने कच्च्या टाक्यांची शिवण. ओव्हरलॉक तेव्हा आमच्याकडे नव्हतं. एक टीप उसवायची, पुढची आपोआप कामाला येते. बाळंतपणानंतर पहिली उसवायची, असं तिने मला सांगितलं होतं. तोवर मी पंजाबी ड्रेस दुकानातून घ्यायला लागले होते, आणि टीप तशीच राहिली होती.

लेकीला मी उसवायचं शिकवलं. ब्लेड नाही, सुईचं टोक. चार टाके सोडून एक टाका उचलायचा, तोडायचा, मग उलट बाजूने दोरा ओढायचा. तिने खिडकीपाशी बसून दोन्ही बाजूंची पहिली टीप काढली. शिवण उघडली तेव्हा आतला निळा दिसला. बाहेरचं कापड इतक्या वर्षांत राखी होऊन गेलं होतं. आत मात्र तो अजून त्या दुकानातल्यासारखा गडद होता, आणि त्याच्यावर सुईच्या भोकांची सरळ, एकसारखी ओळ.

“आई, हा खरा रंग होता याचा?” ती म्हणाली.

होता. आता तिच्या बगलेखाली दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा गडद पट्टा दिसतो. तिने तो तसाच घालून कॉलेजला नेला.